विस्तव नसलेला स्टो

दुकानदारानं विचारलं, "मॅडम, ट्रेक कुठं? आंबोली का दांडेली?"

"यल्लम्माच्या डोंगरावर," मी म्हटलं. "कडबू तळायचेत."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. बेळगावच्या टिळकवाडीतलं ते दुकान तंबू, दोऱ्या, पाठीवरच्या पिशव्या असल्या सामानाचं. भिंतीवर तळ्याकाठी तंबू ठोकून कॉफी पीत बसलेल्या एका जोडप्याचं मोठं चित्र होतं. त्या चित्रातल्या बाईच्या वयाची असताना माझी आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळत होती. पण हे त्या माणसाला सांगून काय उपयोग? मी म्हटलं, "वाऱ्यात विझणार नाही, कढई ठेवली तर डगमगणार नाही आणि तेल पटकन तापेल, असा स्टो दाखवा. पटकन म्हणजे अगदी पटकन."

"एवढी घाई कशाला हो? बाहेर जेवण करायचं म्हणजे कसं, निवांत..."

"माझ्या आईला दम नाही," मी म्हटलं. तो फळीवरची खोकी खाली काढायला लागला.

आई लग्न होऊन निपाणीला आली आणि लगेच वखारीत कामाला लागली. पानं मोडायची, कुटायची, चाळायची. चाळताना तंबाखूची जी बारीक धूळ उडते तिला आमच्याकडं खकाणा म्हणतात. संध्याकाळी ती घरी आली की दारातच पदर झटकायची आणि मी आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, शिंकत सुटायचो. आम्हाला त्याची गंमत वाटायची. त्या खकाण्यावर अण्णाची शाळा झाली, माझं बी.ए. झालं, मला बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली. आईच्या छातीत काय चाललंय ते आम्हाला फार उशिरा कळलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, फुप्फुसं कडक झालीत, आता ती पहिल्यासारखी व्हायची नाहीत. आईनं विचारलं, "मग औषध कशाला देतासा?" डॉक्टर हसले. मला त्या हसण्याचा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

दवाखाना जवळ पडावा म्हणून तिला मी बेळगावात माझ्याकडं आणलं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, बाहेर न्यायला एक लहान सिलिंडर आला. नाकात नळी. आई त्या नळीला वेसण म्हणायची. "बांध गं माझी वेसण," म्हणून मान पुढं करायची. ऑक्सिजनजवळ विस्तव आला तर भडका उडतो, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, म्हणून मी घरातली उदबत्ती बंद केली, धूप बंद केला, देवापुढचं निरांजनसुद्धा उचलून कपाटात ठेवलं. स्वयंपाक करताना मधलं दार लावून घ्यायचे. आई म्हणायची, "देवाला अंधारात बसीवलीस, बाई." मी म्हणायचे, "बसू दे. त्याला दिसतं अंधारात." आमची रोजची भांडणं ही अशी. कोण बाजूला असतं तर त्याला वाटलं असतं की या मायलेकी वैरी आहेत एकमेकींच्या.

आणि एक दिवस तिनं डोंगराचं काढलं.

सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं नुसतं दर्शन घेऊन परतत नाहीत. माळावर चूल मांडायची, तिथंच नैवेद्य शिजवायचा, मग देवीच्या फोटोपुढं धूप दाखवून लहान बुट्ट्यांत, म्हणजे टोपल्यांत, तो नैवेद्य भरायचा. त्याला पडल्या भरणं म्हणतात. वखारीतल्या बायका दर वर्षी पौषात ट्रक करून जायच्या. मी लहानपणी त्या ट्रकमधून गेलेय. सगळा डोंगर धुरानं भरलेला असायचा, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्या धुरात आई हसत कडबू तळत बसलेली. गूळ-डाळीचं पुरण भरून तेलात सोडलेले कडबू. घरी एवढी हसताना मी तिला कधी बघितलं नाही.

त्या ट्रकमधल्या बायका एकेक करून गेल्या. बहुतेक छातीच्याच दुखण्यानं. आई नळी लावल्यापासून गेली नव्हती. मागच्या वर्षी वहिनीनं निपाणीच्या घरी सगळं करून डोंगराच्या दिशेला नैवेद्य दाखवला होता. आई म्हणाली, "ते पोचलं न्हाय."

"कशावरनं?"

"मला ठावं हाय."

"फोन आला होता काय देवीचा?"

"चेष्टा कर. पर एकदा माझ्या हातानं तळून येतो मी. एक घाणा. मग तू म्हणशील तिथं पडून राहतो." आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

मी नाही म्हटलं. आठवडाभर नाही म्हटलं. देवीवर माझा काही फार विश्वास नाही, आणि ज्या देवीनं ट्रकभर बायकांच्या छातीकडं एकदा वळून बघितलं नाही तिच्यासाठी आईला धुरात बसवायची, हे मला पटत नव्हतं. मग एका सकाळी चहा पिताना आई शांतपणे म्हणाली, "मरणार तर मी हायच. हितं भिंतीकडं बघत मरू, का तितं कडबू तळून येऊ? तूच सांग. शिकलीयास न्हवं?" मी कप उचलून मोरीत आपटला आणि ऑफिसला गेले.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हटलं नाही. सिलिंडर बरोबर न्या, एक जादा न्या. धूर अजिबात नको. ज्योतीजवळ नळी अजिबात नको. नळी काढून, एका जागी बसून, थोडा वेळ निभेल. चालणं, वाकणं, दम लागेल असं काही करणं नको. म्हणजे हिशेब सरळ होता. तेल मी तापवायचं, तापलं की आईची नळी काढून सिलिंडर लांब न्यायचा, आईला खुर्चीसकट स्टोपाशी न्यायचं, तिनं एक घाणा तळायचा आणि लगेच परत वेसण. सगळं त्या स्टोवर अवलंबून होतं. तो विझला, हलला किंवा मंद पेटला तर आई तेवढा वेळ श्वासावाचून बसणार होती.

म्हणून मी स्टो शोधायला लागले, आणि एकदा एखाद्या गोष्टीच्या मागं लागले की मी कशी लागते ते आमच्या ऑफिसातल्या लोकांना विचारा. रात्रंदिवस मोबाइलवर तेच. कुठला तरी दाढीवाला नदीकाठी अंडी तळतोय, कुठला बर्फात बसून सूप करतोय. वारा आला तर काय, उतारावर ठेवला तर काय, सगळे बोलतात; आई आजारी असली तर काय, हे कोणी बोलत नाही.

आईचा जीव पितळी स्टोवर. पंप मारायचा, पिन घालायची, भर्र आवाज. तो माळ्यावर होता. पण रॉकेल आणायचं कुठनं? रेशनला मिळायचं बंद होऊन जमाना झाला. रविवार पेठेतला एक म्हातारा भांडीवाला म्हणाला, "डिझेल घालून बघा." त्याला मी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

दुसरी होती पंख्याची चूल. पत्र्याचा डबा, खाली बॅटरीवरचा लहान पंखा, वरून लाकडाच्या ढलप्या टाकायच्या. विकणारा म्हणाला धूर बिलकुल नाही. गच्चीवर पेटवून बघितली. पेट घेतल्यावर धूर नव्हता हे खरं, पण पेट घेईपर्यंत होता, आणि खाली खोलीत बसलेल्या आईला खिडकीतनं वास गेला. ती खोकायला लागली ती थांबेचना. मी वरून पाणी ओतून चूल विझवली आणि त्याच पिशवीत भरून त्याला परत नेऊन दिली.

अण्णा निपाणीहून आला तो एक बॅटरीची पेटी आणि इंडक्शनची शेगडी घेऊन. कुणाकडून तरी मागून आणलेली. "आगच न्हाय बघ," मला म्हणाला. "नळी काढायचीबी गरज न्हाय." मला तर नाचावंसं वाटलं. कढई ठेवली, तेल तापलं. आईनं पुढं वाकून कढईच्या खाली बघितलं. मग शेगडी बंद करून कढई उतरवून घेतली, काच जरा निवल्यावर तिच्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, "ह्यात विस्तव कुठं हाय?"

"विस्तव नाही, वीज आहे. तेच तर..."

"विस्तवाबिगर निवद?" ती म्हणाली. "न्हे परत." अण्णानं माझ्याकडं बघितलं, मी अण्णाकडं. आई एकदा न्हे म्हणाली की मग देवीसुद्धा तिला समजवायला आली तरी फायदा नाही.

राहिला गॅस. लहान सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर बसतो तो प्रकार उंच होता. तेलाची कढई ठेवली की डुलायचा. शेवटी टिळकवाडीतल्या त्या दुकानातून बॅगेसारखा मिटणारा चपटा स्टो घेतला. आत एका बाजूला फवाऱ्याच्या डब्याएवढा गॅसचा डबा बसतो, बटण फिरवलं की पेटतो, चारी बाजूंनी वाऱ्याला अडवायला पत्रे. गच्चीवर टेबलफॅन आणून त्याच्या वाऱ्यात मी तो पेटवला. शेजारची बाई कपडे वाळत घालताना बघत राहिली. तेल पटकन तापलं. पिठाची गोळी टाकली की लगेच वर. मी एकटीच गच्चीवर हसत सुटले. जिंकल्यासारखं वाटलं मला.

खाली आणून आईला दाखवला. तिनं निळी ज्योत लांबूनच बघितली. "हां," म्हणाली. "हा पेटतो तरी."

पौर्णिमेची गर्दी, धूर सगळं टाळून आम्ही आडवार बघून निघालो. आईला मंगळवार पाहिजे होता, तिथं मात्र मी वाकले नाही. पुरण, पोळ्या, वडे, भाजी, भात सगळं घरी केलेलं. कडबू तेवढे भरून ओल्या फडक्यात गुंडाळून घेतले होते. अण्णाची गाडी. आई मागं बसलेली, नाकात वेसण, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. वाटेत ज्वारीची शेतं बघत होती. मध्येच म्हणाली, "आमचा ट्रक हितं बंद पडलता एकदा. सगळ्या बायकांनी ढकललाता." आणि तिला त्या आठवणीनं हसू आलं, हसण्यानं खोकला आला, मी तिच्यावर ओरडले की हसू नको. असं आमचं चाललं होतं.

डोंगरावर माळाच्या कडेला, वारा येतो त्या बाजूला जागा धरली. बाकी माळ जवळजवळ मोकळा होता. खाली, वाऱ्याच्या पलीकडं, एकच कुटुंब चूल मांडून बसलं होतं. त्यांचा धूर आमच्याकडं येत नव्हता, ते मी आधी उभी राहून बघून घेतलं. अण्णा दर्शनाच्या रांगेत गेला. मी स्टो मांडला, पत्रे लावले, कढई ठेवली. तेल तापलं. आईची नळी काढली, सिलिंडर गाडीपाशी नेला, आईची खुर्ची सरकवली. तिनं पदर खोचला. कडबू कडेनं तेलात सोडला, मग दुसरा, मग तिसरा. एक थेंब बाहेर उडाला नाही. झाऱ्यानं उलटले, लाल होऊ दिले, काढले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, ओठ निळे पडतात का ते. नाही पडले. स्टो बंद केला, सगळं बाजूला केलं, तिची खुर्ची मागं, नळी परत नाकात. झालं! मी डोंगरावर मोठ्यानं म्हटलं, "झालं गं बाई!"

आईनं मान हलवली. मग मांडीवरची पिशवी उघडली आणि ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेलं धुपाटणं बाहेर काढलं. पितळेचं, दांड्याचं. कागदाच्या पुडीत ऊद. माझ्यापुढं धरून म्हणाली, "आता विस्तव दे."

इतके दिवस मी वारा, तेल, कढई, पत्रे, गॅसचे डबे यांचा विचार केला होता. घरातून धूप हद्दपार करून इतका काळ झाला होता की पडल्या भरायच्या आधी चुलीतला निखारा काढून त्यावर ऊद टाकतात, हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. लहानपणी ज्या डोंगरावर मी स्वतः चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून तिला दिला होता, त्याच डोंगरावर मी निखारा न पडणारा स्टो घेऊन आले होते. बटण बंद केलं की मागं काळं लोखंड, दुसरं काही नाही.

"ज्योतीवर धरू या की ऊद," मी म्हटलं.

आईनं धुपाटणं मागं ओढून घेतलं.

"बरं. खालच्या त्या लोकांकडनं आणते. पाण्याचा टँकर आलाय, तो जायच्या आत कळशी भरून घेते आणि येताना विस्तव आणते. बस तू."

"व्हय, जा," आई म्हणाली.

तेवढंच म्हणाली. इतकी सरळ ती आयुष्यात कधी हो म्हणाली नव्हती, आणि माझ्या ते लक्षात यायला पाहिजे होतं, असं अण्णा नंतर कितीदा तरी म्हणाला. त्याला म्हणू दे. मी ते मानत नाही. हो म्हणणाऱ्या आईवर कोण संशय घेतं?

टँकरपाशी कळशी भरून वळले आणि बघितलं तर खुर्ची रिकामी. नळी खुर्चीच्या हातावर लटकलेली. आई खाली, त्या कुटुंबाच्या चुलीपाशी, धुरात, जमिनीवर बसली होती. वाकून धुपाटण्यात फुंकर मारत होती.

मी कळशी टाकली आणि धावले. त्या घरातली बाई घाबरून उभी होती. गोकाककडची, बोलण्यात कानडी जास्त. मला म्हणाली, "मी म्हटलं, आक्का, मी आणून देतो, तुम्ही जावा. ऐकत न्हाईत. 'केंड कोड यव्वा' म्हणून निखाऱ्याला हात पुढं केला. निखारा दिला तर तो विझाय लागला, तर ह्या खाली बसल्या फुकाय." मग माझ्याकडं बघून हळू म्हणाली, "म्हणत होत्या, माझ्या हातानं तळलंय, विस्तवबी माझ्याच हातचा पायजे."

आईच्या तोंडावर राख उडालेली, डोळ्यांतून पाणी, ओठ जांभळे. पण धुपाटण्यातला निखारा लाल झाला होता. मी तिला उचलायला गेले तर तिनं पहिल्यांदा धुपाटणं माझ्या हातात दिलं, सांभाळून, आडवं होऊ न देता. त्या बाईनं आणि मी तिला धरून वर आणलं. मी नळी लावायला गेले. तिनं माझा हात धरला आणि निखाऱ्याकडं बोट केलं. विस्तव जवळ असताना वेसण नको, हे मीच तिला शिकवलं होतं. आधी धूप, मग नळी. मी चिडून रडत होते, शिव्या देत होते, तिला, देवीला, स्टोला, आणि तिनं त्याच हातानं ऊद टाकला, धूप ओवाळला, कडबू बुट्टीत ठेवले. "उदं गं आई, उदं," असं ओठ हलले. आवाज नव्हता.

मग मी धुपाटणं लांब फेकलं आणि नळी लावली. अण्णा रांगेतून धावत आला. परतीच्या वाटेवर सिलिंडर पूर्ण उघडा ठेवला तरी तिच्या छातीचा भाता लागलेला थांबला नाही. बेळगाव येईपर्यंत मी तिच्या पाठीला हात लावून बसले होते आणि ज्वारीच्या शेतांकडं बघण्याचं धाडस मला झालं नाही.

दवाखान्यात तोंडावर मास्क लावला. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. एका दुपारी ती जागी असताना मी विचारलंच, "कशाला गेलीस? आणणारच होते ना मी?" मरणाच्या दारात असलेल्या माणसाला असं कोण विचारतं? मी विचारलं. रागच एवढा होता. तिनं मास्क जरा बाजूला केला. मला वाटलं, आता देवीचं काहीतरी सांगणार. ती म्हणाली, "स्टो चांगला घेटलास गं. त्याल लई झटदिशी तापलं." आणि मास्क परत लावून घेतला. त्यानंतर ती काही बोलली नाही. दोन-तीन दिवसांत गेली.

निपाणीला आणली. तिची गल्ली, तिचं घर. गल्लीतल्या बायकांनी सांगितलं, अंघोळीचं पाणी घरातल्या गॅसवर नको, दारात चूल मांडून तापवा. विटा मिळाल्या, लाकडं मिळेनात. आता त्या गल्लीत चूल कुणाच्याच घरी राहिली नाही. अण्णाच्या गाडीच्या डिकीत तो चपटा स्टो तसाच होता, पत्र्यांवर डोंगरावरच्या तेलाचे डाग. मी तो दारात मांडला. कुणी तरी "हे कसं चालंल?" म्हणालं. मी म्हटलं, "आईला आवडलाय तो." पाणी झटकन तापलं.

मग मडक्यातल्या विस्तवाची वेळ आली. पुढं मुलानं धरून न्यायचा तो. गोवऱ्या कुणीतरी दुकानातून आणल्या होत्या. अण्णा स्टोपाशी बसला आणि गोवरीचा तुकडा निळ्या ज्योतीवर धरायला लागला. मी त्याचा हात बाजूला केला.

"ह्याचा विस्तव नको."

"आता तू चालू करू नकोस," अण्णा म्हणाला. त्याचेही डोळे सुजलेले होते. "आग ती आग."

"तिला चालत नाही, अण्णा. तिला चालत नाही हे तुला ठाऊक आहे."

मी आत गेले. धुपाटणं मी डोंगरावर फेकलं होतं, ते अण्णानं उचलून आणून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. दांडा जरा वाकलेला. ते घेऊन मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. तिथला इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री वापरतो. त्याला आई गेल्याचं कळलेलं होतं. मी धुपाटणं पुढं धरलं, त्यानं इस्त्रीचं झाकण उघडून चिमट्यानं निखारे घातले.

दारापर्यंत येईतो ते राखेनं झाकले गेले. गल्लीतली माणसं बघत होती. मी दारातच खाली बसले, गोवरीचा चुरा त्यावर टाकला आणि फुंकर मारली. राख उडाली, माझ्या तोंडावर बसली. पुन्हा फुंकलं. धूर नाकातोंडात गेला. एक म्हातारी म्हणाली, "बास गं, पोरी, उठ, दुसरं कोण तरी फुकंल." मी उठले नाही. फुंकत राहिले. गोवरी पेटेपर्यंत, कडा लाल होऊन आत सरकेपर्यंत फुंकत राहिले आणि मला एकदाही दम लागला नाही. एवढी हवा माझ्या छातीत होती. कितीही फुंकलं तरी होतीच.

अण्णानं मडकं पुढं केलं. मी विस्तव त्यात ओतला.